आईच्या पाटल्या कोपरापर्यंत घरंगळल्या तेव्हा : म्हातारपणी उतरणारं मांस आणि उडालेली झोप

रानजाई | ३ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. हा धागा खरं तर दिवाळीतच काढायला हवा होता.

माझी आई ७४ वर्षांची. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ती मिरजेला भाऊ-वहिनींबरोबर राहते आणि मी सांगलीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरीही माझ्या लक्षात आलं नाही, हे मनाला फार लागून राहिलंय. गेल्या श्रावणात तिला ताप आला, सांधे धरले. विश्रांती घ्या म्हणून सांगण्यात आलं आणि आम्ही ते अगदी मनावर घेतलं. तीन आठवडे ती पलंगावर. चहा हातात, ताट हातात, पाण्याचा तांब्या उशाशी. ताप उतरला, पण आई काही पूर्वीसारखी उठली नाही.

दिवाळीत तिने चकलीचा डबा फळीवरून काढायला हात वर केला आणि हातातल्या पाटल्या सरळ कोपरापर्यंत घरंगळल्या. याच पाटल्या काढायला पूर्वी साबण लावावा लागायचा. मी तिचा दंड धरून पाहिला. कातडी आणि हाड, मध्ये काही लागेचना. वजन ५१ वरून ४६ किलोवर आलं होतं.

झोपेची तर वेगळीच रड. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही गं," हे रोजचं. झोपेची गोळी सुरू झाली. जानेवारीत पहाटे तीनला बाथरूमला जाताना ती पडली. हाड वाचलं, पण तेव्हापासून ती भिंत धरूनच चालते. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं तपासलं, सगळं ठीक आलं. मग "वय झालं, आता असंच चालायचं" असं ऐकून आम्ही घरी आलो आणि गोळी अर्ध्याची एक झाली.

मी वाचत बसले. स्नायू झिजण्याच्या या प्रकाराला सार्कोपेनिया म्हणतात. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं : सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे उणीव. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला आजार म्हणून स्वतंत्र कोडही मिळाला. म्हणजे "वय झालं" याच्या पलीकडे काहीतरी आहे ना? आणि मला सारखं वाटतंय की पायातलं बळ जाणं आणि झोप जाणं या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

---

फिजिओताई | ३ मार्च, रात्री ११.०५

रानजाई, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. मी रत्नागिरीत वीस वर्षं फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा आज्यांपैकी निम्म्यांची कहाणी हीच असते. आधी ताप, मग पलंग, मग पडणं.

तुमच्या त्या तीन आठवड्यांचं आधी बोलू. २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. धडधाकट, सरासरी ६७ वर्षांच्या माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. ताप नाही, आजार नाही, नुसतं पडून राहायचं. दहा दिवसांत पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. तुमच्या आईला वरून ताप होता आणि तोंडाला चव नव्हती. तरुण माणूस महिनाभरात भरून काढतो. सत्तरीनंतर ते आपोआप भरून येत नाही, मुद्दाम भरावं लागतं.

वजनकाट्यापेक्षा उपयोगी अशा दोन गोष्टी घरी करून बघा.

पहिली : शिवणकामाची टेप घ्या आणि पोटरी जिथे सगळ्यात जाड आहे तिथे मोजा. आशियाई देशांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये जे आकडे ठरवले, त्यानुसार बायकांची पोटरी ३३ सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांची ३४ पेक्षा कमी भरली तर लक्ष घालायला हवं.

दुसरी : हात नसलेल्या खुर्चीवर बसवा, हात छातीवर घडी करून ठेवायला सांगा आणि पाच वेळा उठ-बस करायला लावा. घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर मांड्यांतलं बळ कमी झालंय. कुणीतरी शेजारी उभं राहाच.

हाताची पकडही मोजतात. त्याचं यंत्र असतं. पुरुषांची २८ किलोच्या आणि बायकांची १८ किलोच्या खाली गेली तर कमी धरतात. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांची २०१७-१८ मध्ये पाहणी केली, त्यात ही पकडही मोजली होती. यंत्र नसेल तर आईला बाटलीचं झाकण उघडता येतं का, ओला पंचा पिळता येतो का, हे बघा.

---

गवतीचहा | ४ मार्च, सकाळी ६.५०

एकच विचारते. काकूंचे दात कसे आहेत?

---

औषधवाला | ४ मार्च, दुपारी १.२०

माझं नगरला मेडिकलचं दुकान आहे. गोळीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झोपेच्या गोळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या घेऊन माणसं येतात. कुणाला नवऱ्याच्या बाराव्यानंतर दिलेली, कुणाला ऑपरेशननंतर. पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी पाच-पाच वर्षं चाललेली असते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोलपिडेम, ही नावं तुम्हाला घरोघरी सापडतील. म्हातारपणी यकृत आणि मूत्रपिंडं औषध हळू बाहेर टाकतात, त्यामुळे रात्रीच्या गोळीचा अंमल पहाटे तीनलाही असतो. तेव्हाच लघवीला उठायची वेळ येते. डोकं गरगरतं, पाय लटपटतात, दिवा बंद असतो. काकू का पडल्या हे मला तरी स्पष्ट दिसतंय.

अमेरिकेत मार्क बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती आजही दर काही वर्षांनी सुधारून निघते आणि या गोळ्या तिच्यात आहेत. सर्दीच्या आणि खाजेच्या काही जुन्या गोळ्याही आहेत, ज्या लोक "झोप छान लागते" म्हणून मागून घेतात.

पण हात जोडून सांगतो, गोळी एकदम बंद करू नका. रोजची सवय असलेल्याची गोळी अचानक तोडली तर फिट येऊ शकते, झोप तर पार उडते. डॉक्टरांना विचारून पाव-पाव करत, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कमी करायची असते. आणि बीपीची लघवी वाढवणारी गोळी काकू संध्याकाळी घेत असतील तर ती सकाळी घेता येईल का, हेही विचारा.

---

रानजाई | ४ मार्च, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार.

पोटरी २९ सेंटिमीटर. उठ-बस पाच वेळा झालीच नाही. तिसऱ्यांदा उठताना तिने नकळत मांडीवर हात टेकला. हात टेकून मोजलं तर २४ सेकंद. मी घड्याळ खाली ठेवलं आणि जरा वेळ बोलूच शकले नाही.

गवतीचहा, तुमच्या एका ओळीने डोळे उघडले. आईची खालची कवळी वर्षभर सैल आहे. हिरडीला टोचते म्हणून तिने चावायचं सगळंच सोडलं होतं : मटकीची उसळ, शेंगदाणे, भाकरी. कुणाला त्रास नको म्हणून बोलली नाही. वहिनी बिचारी "आईंना हलकंच आवडतं" समजून गुरगुट्या भात आणि वरणाचं पाणी देत राहिली. आज बसून दिवसभराचं खाणं लिहून काढलं. चहा-टोस्ट, एक पोळी, पातळ आमटी, भाजी, रात्री भात. प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम.

औषधवाला दादा, बीपीची गोळी ती संध्याकाळीच घेते. उद्याच विचारते.

---

चाफा | ५ मार्च, सकाळी ११.३०

कुणाला दुखवायचं नाही, पण मनातलं लिहितो. माझे वडील ८२ वर्षांचे आहेत, गुडघे झिजलेत. आयुष्यभर गिरणीत उभं राहून काम केलं. आता त्यांच्याकडून उठा-बशा करून घ्यायच्या? त्यांनी आता आरामात बसावं, आम्ही आहोत ना करायला, असं मला वाटतं.

---

आप्पा७९ | ५ मार्च, दुपारी ४.००

चाफा, तुमचं वडिलांवरचं प्रेम तुमच्या शब्दांत दिसतंय. म्हणूनच बसवणाऱ्याने नव्हे, ज्याला बसवतात त्याने उत्तर द्यावं असं वाटलं.

मी वाईचा. हिला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी मला फुलासारखं जपलं. मंडईची पिशवी घेतली की "राहू द्या आप्पा." पाण्याची बादली उचलली की "राहू द्या आप्पा." खुर्चीतून उठायला लागलो की दोन हात काखेत. सून भली आहे, मुलगा भला आहे. पण वर्षभरात असं झालं की बादली उचलायची म्हटलं तरी उचलेना. आधी इतरांना वाटत होतं की मला जमणार नाही, मग मलाच वाटायला लागलं, आणि मग खरोखरच जमेना.

त्यात रात्र फार मोठी. साडेआठला जेवण, नऊला अंथरूण, दोनला टक्क जाग. पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडायचं. दिवसा दमलेलाच नसायचो तर झोप कुठून येणार? शेतावर होतो तेव्हा पाठ टेकली की सकाळ व्हायची.

पुण्यातल्या एका वृद्धांच्या डॉक्टरांनी मला तपासलं आणि घरच्यांना बाहेर बसवून विचारलं, "आप्पा, तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?" मी म्हटलं, मंडईतून पिशवी मला आणायचीय. त्यावरून सगळा व्यायाम बेतला. आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून उठ-बस. मग एक उशी. मग लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात. माझे गुडघेही झिजलेत. दुखतात. पण मांडीत जोर आला तसे कमी दुखतात, हे मी शपथेवर सांगतो.

आज मी अडीच किलो भाजी उचलून आणतो. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवतो तेव्हा मला जे वाटतं ते तुमच्या वडिलांनाही वाटू द्या.

---

फिजिओताई | ५ मार्च, रात्री १०.४५

आप्पा, तुम्हाला नमस्कार. तुमचं लिहिलेलं मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे.

चाफा, गुडघ्याची काळजी रास्त आहे. खुर्ची उंच करायची, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं, उठताना श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. पण वयाची भीती बाळगू नका. बॉस्टनमध्ये १९९० मध्ये मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले. एकाला मध्येच सोडावं लागलं. बाकीच्या नऊ जणांचं पायातलं बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढलं. नव्वदीतही स्नायू ऐकतो. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने एवढं बळ येत नाही. स्नायूला थोडं जड जायलाच हवं.

रानजाई, आईंसाठी सुरुवात अशी : उशी ठेवलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. स्वयंपाकघरातला ओटा धरून टाचा उचलणं, दहा वेळा. ओटा धरूनच एका पायावर दहा सेकंद. ओटा हवाच, कारण तिथे त्या रोज उभ्या राहतात, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पहिले पंधरा दिवस एवढंच.

आता झोपेकडे. बळ आणि झोप एकमेकांना कशी ओढतात ते सांगते. स्नायूंची दुरुस्ती करणारं वाढीचं संप्रेरक जास्त करून गाढ झोपेत सुटतं आणि वयाबरोबर नेमकी गाढ झोपच कमी होते. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये तरुणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात एका रात्रीच्या जागरणाने स्नायूबांधणी १८ टक्क्यांनी मंदावली, शरीरातला ताण वाढवणारं कॉर्टिसॉल २१ टक्क्यांनी वाढलं. ही तरुणांची गत. दुसऱ्या बाजूने, दिवसभर बसून असलेल्या माणसाला रात्री झोपेची भूकच लागत नाही. म्हणून मी दोन्ही एकदमच हातात घेते.

आईंचे झोपेचे तास मात्र घड्याळ लावून मोजा. दुपारची झोप, टीव्हीसमोरच्या डुलक्या, सगळं धरून.

---

मोगरी | ६ मार्च, सकाळी ९.१०

माझे सासरे ७८ किलोचे आहेत, पोट सुटलेलं. त्यांना ही भानगड नसेलच ना? मांस उतरलेलं काही दिसत नाही.

---

फिजिओताई | ६ मार्च, दुपारी २.३०

असू शकते, आणि ती जास्त फसवी असते. वर चरबी, आत स्नायू विरघळलेला. आपल्या लोकांत तर हे फार. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्यावर सारखे, आतून निराळे. सासऱ्यांची उठ-बस मोजा. आणि ते मोठ्याने घोरतात का, मध्येच श्वास अडकून गुदमरल्यासारखे उठतात का? तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. अशा माणसाला झोपेची गोळी धोक्याची ठरू शकते.

---

न्यूजर्सीकर | ७ मार्च, पहाटे ५.२०

आई इकडे सहा महिने राहून गेली, ऐन थंडीत. ठाण्यात ती रोज दोन मजले जिने चढायची, देवळात जायची, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची. इकडे बाहेर बर्फ, घरात गालिचा, आणि मी सकाळी सातला बाहेर. ती सोफ्यावर. मार्चमध्ये विमानतळावर तिने आपणहून व्हीलचेअर मागितली तेव्हा मला कळलं. जे कुणी आईवडिलांना हिवाळ्यात इकडे आणतायत त्यांनी आधीच काही योजून ठेवा. उन्हाची खिडकी आणि रोज खाली-वर करायचा जिना, एवढं तरी.

---

रानजाई | ११ मार्च, रात्री ९.३०

फिजिओताई, आठवडाभर वहीत मांडलं. आई साडेआठला आडवी होते, नऊपर्यंत झोपते. अडीचला जाग. म्हणजे साडेपाच तास. मग दुपारी एक ते तीन. संध्याकाळी मालिका बघताना अर्धा तास मान खाली. एकूण आठ तास होतात! पासष्टीपुढे सात-आठ तास पुरतात असं सगळीकडे दिलंय. म्हणजे तिची झोप उडालेली नाही, तुकडे होऊन दिवसभर सांडलेली आहे. आणि या साडेपाच तासांवर आम्ही गोळी वाढवत होतो.

सध्या असं चाललंय : सकाळी सातला अंगणात ऊन अंगावर घेत चहा. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. रात्री सव्वादहाच्या आधी पलंग नाही. जाग आलीच तर पडून न राहता खुर्चीत येऊन बसायचं, जपमाळ घ्यायची, पेंग आली की परत जायचं. बाथरूमपर्यंत छोटे दिवे लावले, कठडा बसवला. बीपीची गोळी डॉक्टरांनी सकाळी केली. झोपेची गोळी एकाची पाऊण झाली.

कवळी नवी करायला टाकलीय. तोवर मऊ पण सकस : सकाळी मुगाचं धिरडं आणि कपभर दूध, दुपारी घट्ट वरण किंवा शिजवून घोटलेली उसळ आणि वाटीभर दही, पाचला दाण्याचं कूट-गूळ, रात्री मुगाच्या खिचडीत ५० ग्रॅम पनीर किसून. हिशोब केला तर ५० ग्रॅमच्या आसपास जातं.

---

फिजिओताई | ११ मार्च, रात्री १०.२०

उत्तम. म्हाताऱ्या माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, तरुणांपेक्षा जास्त, कारण त्यांचा स्नायू कमी प्रथिनांना दादच देत नाही. ४६ किलोला ४६ ते ५५. तुम्ही बरोबर पोचलात, आणि तीन जेवणांत वाटलंत हे त्याहून छान. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे आकडे परस्पर लावू नयेत. एकादशीचं काय?

---

रानजाई | ११ मार्च, रात्री १०.३५

एकादशी ती सोडणार नाही आणि मी सांगणारही नाही. त्या दिवशी साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दही, दाणे द्यायचं ठरलंय. तिनेच सुचवलं.

---

चाफा | २ एप्रिल, रात्री ८.००

आप्पा, तुमचं वाचून दोन दिवस बोललो नाही. मग वडिलांना तुमच्यासारखंच विचारलं, काय करता यायला हवंय. म्हणाले, नातवाला उचलून घ्यायचंय. नातू अकरा किलोचा आहे. उशा ठेवून सुरुवात केली आहे.

---

आप्पा७९ | ३ एप्रिल, सकाळी ७.१५

तोवर नातवाला मांडीवर बसवा आणि त्यांना खुर्चीत ताठ बसू द्या. तेही वजनच आहे.

---

रानजाई | २२ जून, रात्री ९.००

साडेतीन महिने झाले. वजन ४८. पोटरी ३० सेंटिमीटर, एवढीच वाढली. पण पाच उठ-बस हात न टेकता १६ सेकंदांत. गोळी पावावर आलीय, पुढच्या महिन्यात डॉक्टर बंद करू म्हणतात. मधे आठ दिवस पोट बिघडलं तेव्हा सगळं पुन्हा मागे गेलं होतं. या वेळी मात्र आम्ही तिला पलंगावर राहू दिलं नाही, जेवायला टेबलापर्यंत उठवलंच. रात्री एकदा जाग येते, साडेतीन-चारला, आणि बहुतेक वेळा परत डोळा लागतो.

परवा वटपौर्णिमेला वहिनीचं पूजेचं साहित्य मी उचलायला गेले तर आई म्हणाली, "ठेव ते. मी नेते." वडापर्यंत तिनेच नेलं. पाटल्या अजून मनगटावरून खाली-वर होतात, पण कोपरापर्यंत जात नाहीत.

फिजिओताई, आता खुर्चीवरची उशी काढायची का?

---

फिजिओताई | २२ जून, रात्री ९.५०

काढा. पहिले दोन दिवस भाऊ शेजारी उभा असू दे, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, मागे सरकायला नको.